गेंड्याच्या दुकानातले शनिवार

११ जानेवारी, शनिवार

दुकान बंद होणार! कृतिकानेच सांगितलं. ती तिथली मॅनेजर, दिवा स्टेशनहून लोकलने येते. मी आणि माझी नात श्रिया दर शनिवारी तिच्या दुकानात जमिनीवर बसून खेळतो, आणि कृतिकाने आजवर एकदाही ‘काही घेणार का?’ असं विचारलेलं नाही. आज म्हणाली, “आजी, मार्चएंडला शटर. कंपनी मॉलमधली सगळी दुकानं काढतेय. आता फक्त ऑनलाइन.”

मी “अरेरे” म्हटलं.

ओटोबोटो हे दुकानाचं नाव. अर्थ कुणालाच माहीत नाही. दारात माणसाएवढा पिवळा गेंडा. आत गेंड्याची दप्तरं, गेंड्याच्या बाटल्या, डबे, छत्र्या, पायमोजे — आणि मग खेळणी. लोक एखादा मऊ गेंडा उचलतात, किंमत वाचतात आणि परत ठेवतात. अगदी हळू, जागा होईल म्हणून.

मला दुकानाचं काही नाही. पण माझा मुलगा केदार आणि सून रेचल वेगळे झाले तेव्हा भेटीच्या जागेवरून वकिलांचं महिनाभर चाललं होतं. आमचं डोंबिवलीचं घर त्यांना नको, त्यांचं ठाण्याचं घर केदारला नको. शेवटी कागदावर हे दुकान आलं. दर शनिवारी चार ते सहा, मुलीची वडिलांशी भेट. वडिलांशी! आजीचा उल्लेख नाही. केदार चार शनिवार आला, मग हैदराबादला गेला. तेव्हापासून मी जाते. दुकान गेलं की नव्या जागेसाठी नवा कागद, आणि कुणीतरी विचारणारच — वडील येतात का?

तेव्हा श्रियाला घेऊन येणाऱ्या थेल्माबाईंना आज काही बोलले नाही. अजून बोर्ड लागलेला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

केदारला फोन केला. म्हटलं, दुकान बंद होतंय. “कुठलं दुकान?” म्हणाला.

१८ जानेवारी, शनिवार

श्रियाला थेल्माबाईच आणतात. रेचलच्या आई. रेचलला शनिवारी ड्युटी असते. गेंड्यापाशी त्या मुलीचा हात सोडतात, मी धरते. एकमेकींना काय म्हणायचं हा प्रश्नच आहे. विहीण हा शब्द घटस्फोटात गेला. त्या मला ‘अहो’ म्हणतात, मी त्यांना ‘अहो’ म्हणते. जुन्या काळच्या नवराबायकोसारखं.

“अहो, केदार?”

“गाडी लावतोय खाली. येईलच.”

“या मॉलचं पार्किंग लई मोठं हाय,” असं म्हणून त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दर शनिवारी हेच. मीही हेच सांगते, त्याही हेच म्हणतात, शब्द फिरत नाही.

आज एका गृहस्थाने रोबोटचा खोका उचलला, फोनवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे दुसरीकडून मागवला. मॉडेल नंबर सापडेना, म्हणून कृतिकाला विचारलं. तिने खोका उलटा करून दाखवला. “उद्या सकाळी येईल,” तो तिला आनंदाने म्हणाला. ती म्हणाली, “छान.”

२५ जानेवारी, शनिवार

बोर्ड लागला. लाल, इंग्रजीत. थेल्माबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, वाचला. मग बाकावर गेल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

काय ती गर्दी! दुकान चालू होतं तेव्हा माणूस दिसत नव्हतं, बंद होणार म्हटल्यावर पाय ठेवायला जागा नाही. सगळे भेटायला आल्यासारखे येतात, हळहळतात आणि टोपल्या भरतात.

एक बाई म्हणाल्या, “अय्या, बंद करताय? माझा मुलगा इथेच मोठा झाला हो!”

“हो मॅडम, आठवतो,” कृतिका म्हणाली. “घसरगुंडीवरून उतरायचाच नाही.”

बाईंनी एक पेन्सिल घेतली. निम्म्या किमतीत.

आमची आगगाडी विकली गेली. ती डेमोची होती, सगळ्यांनी खेळायची, पण शनिवारी ती आमचीच असे. श्रिया रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली.

“आपली गाडी?”

“विकली ग.”

“आपल्याला न विचारता?”

“दुकानाची होती ती.”

“आणि दुकान कुणाचंय?”

कंपनीचं, म्हटलं. कंपनी कुठे असते? मलाही माहीत नव्हतं. खेळायला काही उरलं नाही म्हणून गोष्ट सांगितली. माकडाची. तीही मध्येच संपवावी लागली, कारण आमच्या अंगावरून ट्रॉल्या जायला लागल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

कृतिका वैतागलेली. इंग्रजी बोर्ड असूनही जो तो येऊन विचारतो, नक्की काय काय विकायचंय? म्हटलं, मराठीत लिहून लाव. वर्तमानपत्रात तीस वर्षं पुरवणीचे मथळे दिले, तेवढं तर येतं. तिने पुठ्ठा आणि मार्कर दिला, मी श्रियाला. पोर दुसरीत. शाळा इंग्रजी, मराठी नावाला. जीभ बाहेर काढून लिहीत होती. मजकूर तिचाच —

सगळं विकायचं आहे.
गेंडा सोडून.

गेंडा कंपनीच्या गोडाऊनला जायचाय. लोक थांबून वाचायला लागले, फोटो काढायला लागले. कृतिका म्हणाली, “अजून चार लिही ग.” लिहिले. चौथ्या पुठ्ठ्यावर मला एकही अक्षर विचारलं नाही.

थेल्माबाई बाकावरून मान उंच करून बघत होत्या. मी बघितल्यावर मान खाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खालच्या मजल्यावरचे देशमुख वकील लिफ्टमध्ये भेटले. सहज विचारल्यासारखं विचारलं, भेटीची जागा बंद पडली तर? म्हणाले, दोन्ही पक्षांनी सही करून नवीन ठरवायची. म्हटलं, आणि आजीचं काय?

“काकू, तुम्ही पक्ष नाही.”

लिफ्ट तळमजल्याला आली. ते उतरले, मी परत वर गेले. मला खरं तर खालीच जायचं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

माल विरळ झालाय. कृतिका उरलेली खेळणी सारखी पांगवून ठेवते, कप्पा भरलेला दिसावा म्हणून. एका कप्प्यात तीन छत्र्या हातभर अंतरावर. श्रिया दुकानभर फिरून पाट्या वाचते. मोठ्याने.

मग माझ्या शेजारी येऊन बसली. “आजी, बाबा पार्किंगमध्ये किती वेळ असतो?”

मी म्हटलं, “बघायला हवं.”

“तो नाहीये. मला माहितीये.” छत्री उघडली, मिटली. “पण ग्रॅनीला नको सांगू हं. तिला वाईट वाटेल.”

थेल्माबाईंना नाही सांगणार, म्हटलं.

१ मार्च, शनिवार

आता दुकानच विकायला काढलंय. रॅक, आरसे, स्टुलं, काउंटर. घसरगुंडी कल्याणच्या एका दाताच्या डॉक्टरने नेली. दुकानात कामाला असलेली दोन्ही पोरं गेली, कृतिका एकटी. तिला विचारलं, तुझं पुढे काय?

“गोडाऊन. भिवंडी. ऑनलाइनचं पॅकिंग.” मग म्हणाली, “गिऱ्हाइकाचं तोंड दिसणार नाही, आजी. चांगलंय की वाईट ते तिथे गेल्यावर बघते.”

जमिनीवर बसून श्रियाला तीन गोष्टी सांगितल्या. खेळणी होती तेव्हा एकही सांगून होत नसे.

८ मार्च, शनिवार

दोन वर्षांत पहिल्यांदा थेल्माबाईंना चहा विचारला. बाकावर उन्हाची तिरीप येत होती, बऱ्या दिसत नव्हत्या. म्हटलं, चला, वर चहा घेऊ, मुलीला पण काहीतरी खायला.

“नको. लेंटचा उपास चालू हाय. चाय सोडली ईस्टरपर्यंत.”

माझी वेळ बघा! मी म्हटलं, “मग लिंबूपाणी?”

“चालंल.”

तिघी वर गेलो. श्रियाने फ्रेंच फ्राइज संपवले, आम्ही दोघींनी पाणी. बोललो ते असं — त्यांनी गुडघ्याचं सांगितलं, मी पाठीचं. उठताना म्हणाल्या, “तुमच्या हातचं वरण रेचलला आवडायचं. मी केलं की नाक मुरडायची.” परत निघताना केदारचं विचारलं नाही. मीही पार्किंगचं सांगितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

श्रियाला ताप, येणार नाही, असा थेल्माबाईंचा मेसेज सकाळीच आला होता. मी तरी गेले. कृतिकाने स्टूल दिलं. त्यावर विकल्याची चिठ्ठी होती.

२४ मार्च, सोमवार

केदारचा फोन, स्वतःहून. म्हटलं, काय झालं? काही नाही, म्हणाला, दुकान बंदच होतंय तर मी सही करून देतो — भेट नको म्हणून. म्हणजे विषय संपेल. “तू या वयात कशाला दर शनिवारी हेलपाटे घालतेस, आई? तुझ्यासाठीच म्हणतोय.”

म्हटलं, मला हेलपाटे होत नाहीत.

“अगं, पण कायद्याने तसा काही अर्थ नाही त्याला.”

म्हटलं, माहीत आहे. मी पक्ष नाही. पण सही करू नकोस. निदान या शनिवारपर्यंत तरी नको.

“शनिवारी काय आहे?”

शनिवार आहे, म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

शेवटचा. दुकानात काही म्हणजे काही नाही. भिंतींवर रॅकची भोकं. आवाज घुमतो. दोन माणसं गेंड्याला फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती आणि श्रिया त्यांना सूचना देत होती. “शिंगाला दोनदा, काका. शिंग तुटतं.”

थेल्माबाई आज बाकावर गेल्या नाहीत. प्रथमच आत आल्या. एका खोक्यावर त्या, एका खोक्यावर मी.

मग म्हणाल्या, “अहो, लेंटमध्ये खोटं वागू नये. म्हणून सांगते. तुमी रागवा, काय करायचं ते करा.”

म्हटलं, बोला.

“केदार येत नाय, हे रेचलला पहिल्यापासून ठाऊक. गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती मला बोलली, बाप येत नाय तर पोरीला नेऊ नको, बंद कर. मी बोलली, बरं.”

“मग?”

“मग काय! मी तिला सांगितलं, शनिवारी मराठीचा क्लास लावलाय. शाळेत मराठीची बोंब होतीच.”

“कुठे लावलात क्लास?”

“इथंच की!” त्यांनी रिकाम्या दुकानावरून हात फिरवला. “तुमच्याकडं.”

म्हणजे मी इतके महिने ज्यांच्यापासून केदारचं लपवत होते, त्या माझ्याकडे बघत बघत रेचलपासून मला लपवत होत्या.

“आणि आता पंचाईत झालीय,” त्या म्हणाल्या. “आधी पोरीला मराठीत पंचवीसात नऊ मिळायचे. आता बावीस! सगळ्या वर्गात जास्त. रेचल बोलते, मम्मी, या मॅडम कोण, मला भेटायचंय. रोज विचारते. काय सांगू?”

मी श्रियाकडे बघितलं. ती गेंड्याच्या प्लास्टिकवर मार्करने लिहीत होती — सांभाळून न्या. मला लिहून द्यावं लागलं नव्हतं.

“नवीन जागा सांगून टाकू का?” मी म्हटलं. “एखादा हॉल, एखादं देऊळ…”

“नाय. मी खरं सांगणार. ईस्टरच्या आत कन्फेशनला जायचंय, फादरसमोर काय तोंड घेऊन जाऊ?”

“ती बंद करेल.”

“करंल.” थेल्माबाईंनी रुमालाने नाक पुसलं. “पण खोटं ते खोटं. तुमाला आधी सांगायला पायजे वाटलं.”

सहा वाजले. कृतिकाने किल्ली हातात घेतली, पण शटर ओढलं नाही. आम्ही उठेपर्यंत थांबली. श्रियाने माझा हात सोडला, थेल्माबाईंचा धरला. “बाय आजी, सॅटर्डेला!” म्हणाली.

दोघींपैकी कुणी तिला सांगितलं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. एकटीपुरतं श्रीखंड आणलं. फोन नाही.

१ एप्रिल, मंगळवार

थेल्माबाईंचा मेसेज. “रेचलला सांगितलं सगलं.” पुढे काही नाही. मी “बरं” लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी रेचलचा फोन. घटस्फोटानंतरचा पहिला. आठ वर्षं ‘आई’ म्हणायची. आज म्हणाली, “मॅडम, श्रियाची आई बोलतेय. शनिवारचा क्लास आता तुमच्या घरी असतो ना? डोंबिवलीला? ड्युटी बदलून मीच घेऊन येईन.” मग, “बुधवारी पण जागा आहे का?”

आहे म्हटलं.