बास, वायर आणि माझा शांत स्वभाव

११ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून रोजनिशी. राग आला की तो या पानावर काढायचा, माणसांवर नाही. तसा मी मुळात हळवा. चौथीला चिमणीच्या घरट्याची कविता शिकवताना मलाच रडू यायचं. त्या वेळी जी मुलं हसली त्यांनाच काय तो मार बसला.

सकाळी उकंडरावचा फोन. दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्या नांदुऱ्याच्या शारदा मंडळाच्या स्टेजवर आमची जुनी 'झंकार मेलडी पार्टी' पुन्हा उभी राहणार. एकच गाणं. ड्रमवर स्वतः उकंडराव, कीबोर्डवर त्याची नात काजल आणि बास गिटारवर मी! डोळ्यांसमोर एकदम सगळं उभं राहिलं. गावोगावचे मांडव, बेलबॉटम, थंडीत गारठलेल्या त्या चार जाड तारा. वरच्या सुरांवर लोक टाळ्या वाजवायचे, पण पाय हलायचे ते माझ्यामुळे. त्या काळी सुचलेली ओळ अजून पाठ आहे:

वर नाचे लाट सारी
खाली खोल शांत पाणी

ते शांत पाणी म्हणजे बास. म्हणजेच मी.

उकंडरावने अट घातली. म्हणाला, मास्तर, तुह्या गिटारीतून आवाज निघाला त ठीक, नाही त बासचं काम काजल डाव्या हातानं करून घेईन, तिच्या कीबोर्डात सगळं आहे. मी संयमाने फोन टीपॉयवर ठेवला. टीपॉयची काच फुटली. काच आधीपासूनच हलकी होती.

१३ सप्टेंबर, शनिवार

माळ्यावरून बास उतरवली. मागचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं. वायरींचे तुकडे, कापूस, फराळाच्या कागदाचे कपटे. किती माया, किती कष्ट! मनात आलं, या इवल्या जिवाला का उठवावं. एवढ्यात तो उंदीर माझ्या बाहीत शिरला. नंतर काय झालं ते नीट आठवत नाही. उंदीर गेला. गिटारीच्या मानेला किंचित खोक पडली आहे आणि फ्रिजच्या दाराला खड्डा.

बायको, प्रतिमा, म्हणाली, अहो, दुकानात नेऊन दुरुस्त करून आणा, तुमच्या हाताला कंप आहे. मी म्हणालो, कंप हाच संगीताचा आत्मा आहे. दुपारी स्वतः सोल्डरिंग केलं. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपच्या दोन वायरी, आवाजाचं बटण, वायरीची पिन घुसते तो सॉकेट. सोपं आहे, रंगाला रंग जोडायचा. उंदराने रंगच खाल्ले असल्याने अंदाजाने जोडले. तीन बोटं भाजली, प्रतिमाची शाल जळाली. तिने ती पेटती शाल विझवण्यासाठी माझ्यावरच झोडपली. शाल विझल्यावरही झोडपत होती. घाबरली असेल बिचारी.

१५ सप्टेंबर, सोमवार

भागवत साउंड सर्व्हिसमध्ये गेलो. भागवत माझा विद्यार्थी, सातवी ब. आता दंडाला ताईत, गळ्यात चेन, चार डीजेच्या गाड्या. बास पाहून म्हणाला, गुरुजी, हे वाजवाले आणलं का सरपणाले? मी दुर्लक्ष केलं. त्याने लावून पाहिलं. आवाज आला, पण गुणगुण फार. जणू भर उन्हाळ्यात पाठीमागे पोळं. वायरीच्या पिनेला हात लावला की गुणगुण बंद, हात काढला की सुरू. मी म्हणालो, पाहा, वाद्य मला ओळखतं. भागवत हसला. तारा जिथे अडकवतात त्या पट्टीला आतून अर्थची वायर लागते, म्हणाला, ते तुम्ही कापून टाकेल आहे. अन् घरच्या कोणत्याच डब्याले हे लावू नका, साध्या स्पीकरचा कागद फाटते, बासले बासचाच स्पीकर पाहिजे.

मी त्याला एवढंच विचारलं की सातवीला विज्ञानात किती मिळाले होते. त्याने माझी कॉलर धरली. मी त्याची चेन धरली. चेन तुटली, कॉलर टिकली. खादी ती खादी.

संकल्प: उद्यापासून कोणाच्याही मार्कांचा विषय काढायचा नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भागवतला काय कळतं. होम थिएटरला बास लावली. पहिला सूर! खालची जाड तार छेडली आणि खिडक्या थरथरल्या, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली. शाळेच्या पुस्तकात ढगांवर एक कविता होती, ती ओठांवर आली. दुसऱ्या सुराला डब्यातून फर्र असा आवाज झाला आणि स्पीकरचा काळा कागद मधोमध चिरला. तसा तो डबा सहा महिन्यांपासून मनातून उतरलाच होता.

प्रतिमाची मालिका सुरू होती. तिने आधी लाटणं फेकलं, मग पोळपाट. पोळपाट मी बासने अडवला. लाकूड उत्तम आहे, ठणकावून सांगतो. फक्त वरच्या दोन खुंट्या वाकल्या.

भागवतकडे परत गेलो नाही तर तो मला घाबरट समजेल. म्हणून जाणार.

२१ सप्टेंबर, रविवार

आज पुनर्जन्म. डाव्या हाताने लिहितो आहे.

अर्थची वायर मी पट्टीला स्वतः जोडली. भागवतच्या दुकानात मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा होता, तर सॉकेटला दोनच भोकं आणि प्लगला तीन पाय. मी हुशारीने तिसरा, जाड पाय पक्कडीने मोडला. एवढ्याशा पायावाचून काय अडतंय? बास गळ्यात अडकवली, ओल्या हाताने तारा धरल्या. हात ओला होता कारण नुकताच रसवंतीवर उसाचा रस पिऊन हात धुतले होते.

मग विजांचं एक झाड माझ्यातून वर गेलं. तारा सुटेनात. दात एकमेकांवर कडकडू लागले, डोळ्यांपुढे सगळ्या इयत्तांच्या कविता एकदम आल्या. भागवतने कोपऱ्यातला वाळलेला बांबू उचलला आणि माझ्या मनगटावर हाणला. हात सुटला. मी जमिनीवर. त्यानंतर त्याने आणखी तीन फटके पाठीवर मारले. मी म्हणालो, अरे सुटलो, सुटलो! तो म्हणाला, हाव गुरुजी, माहीत आहे, हे सातवीतले होते.

गुरूचा जीव वाचवताना शिष्याचं भान सुटतं. मी समजून घेतलं. निघताना त्याच्या पायावर अ‍ॅम्प्लिफायर पडला. मी फक्त ढकलला होता.

तो लंगडत ओरडत होता, तिसरा पाय अर्थचा असते गुरुजी, जीव त्याच्यावर असते! यापुढे तिसरा पाय मोडायचा नाही. हेही मीच ठरवलं, त्याच्या सांगण्यावरून नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली तालीम, उकंडरावच्या सरकी ठेवायच्या गोदामात. काजल पोरगी गोड, पण डावा हात सारखा वळवळत होता. मी नजरेने तो हात दटावला.

भागवतने पाय बांधून आणला होता. म्हणाला, बासचे मोठे डबे दसऱ्यालेच आणतो, आज गाड्या बाहेर आहेत, आज भोंग्यावर भागवा. तोच पत्र्याचा, सप्ताहात लावतात तो. मी पूर्ण गाणं वाजवलं, डोळे मिटून, समाधीत. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे पाहत होते. उकंडराव म्हणाला, चालू कधी करतं बे?

भोंग्यातून खालचा सूर निघतच नाही म्हणे, नुसता टिकटिक आवाज येतो. मी म्हणालो, बास ऐकायचा नसतो, तो छातीत कळतो. उकंडराव म्हणाला, माह्या छातीत त काही नाही कळलं, तिथं फक्त पित्त आहे. मग काजलने डाव्या हाताने दाखवलं. गोदाम हललं. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मी एकच लाथ मारली, उकंडरावच्या मोठ्या ड्रमला. पाय आरपार गेला आणि निघेना. उकंडराव ड्रमच्या काठ्यांनी माझ्या टकलावर ताल धरत होता. ताल मात्र पक्का, वयाच्या मानाने. काजल ओरडत होती, आबा, सोडा त्यायले, आबा! भागवत लंगडत आला आणि त्याने मला ड्रमसकट गोल फिरवून काढलं.

अखेर ठरलं: दसऱ्याला खरे डबे, माझी बास, शेवटची संधी. नाही निघाला आवाज तर काजल. उकंडराव बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. त्याचा खालचा ओठ फुटला होता, ड्रममधून निघताना माझं कोपर लागलं असावं. म्हणाला, मास्तर, आता आपण तिघंच उरलो पार्टीतले, तिसरा नागपूरला खाटेवर आहे. मले तूच पाहिजे स्टेजवर. पण गाणं पडलं नाही पाहिजे.

घरी येताना डोळे भरून आले. टकलावर सूज असल्याने असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज घरोघरी अवजारांची पूजा. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून कडक रीत: पुजलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनापर्यंत हात लावायचा नाही, ते विश्रांती घेतं. विळी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी आणि मधोमध पाटावर बास. मनोभावे पूजा केली. पिकअपला हळदी-कुंकू, प्रत्येक खुंटीला झेंडूचं फूल, बटणांवर गंध. वायरीची पिन ज्या सॉकेटात जाते तो तर वाद्याचा कान. कानात थोडं तूप घालून कुंकू लावलं आणि भरभरून अक्षता वाहिल्या.

दुपारी भागवत आला. उद्या ऐनवेळी लफडं नको, एकदा लावून पाहू द्या म्हणाला. मी नम्रपणे सांगितलं की आज अवजार झोपलं आहे. तो म्हणाला, गुरुजी, तुमचं अवजार चाळीस वर्षं झोपलंच होतं. आणि त्याने पिन घेऊन हात पुढे केला, थेट पुजलेल्या बासला!

पूजेतला नारळ माझ्या हाताशी होता. नारळ भागवतच्या खांद्यावर फुटला. पाणी चांगलं निघालं, गोड. भागवतने पाट उचलून माझ्या मांडीवर मारला, पण बासला धक्का लागू दिला नाही. संस्कार आहेत पोरात. प्रतिमाने दोघांनाही खोबरं दिलं आणि दार लावून घेतलं, आम्हाला बाहेर ठेवून.

बाहेरच्या ओट्यावर बसून भागवत म्हणाला, लावून पाहिलं असतं त बरं झालं असतं. मी म्हणालो, श्रद्धा ठेव. त्याने खोबरं चावलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

विजय! विजय! विजय!

आधी लढाई, मग विजय, असं सविस्तर लिहितो. स्टेजमागे भागवतने कपाटाएवढे डबे लावलेले. समोर अख्खं नांदुरा, नव्या साड्या, हातात आपट्याची पानं. आमचं नाव पुकारलं. भागवतने माझ्या बासमध्ये पिन घातली, जाईना. पुन्हा दाबली. आतून तांदळाचा दाणा बाहेर आला, त्यामागे तूप. भागवतने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, गुरुजी, कानात भात घातला का? आणि हसला. सगळ्या कलाकारांसमोर!

मी वायर त्याच्या हातून हिसकावली आणि दुहेरी करून त्याच्या पाठीवर सपासप फटके ओढले. त्याने मला स्टेजच्या बांबूला दाबून धरलं. मी त्याच्या कानाला चावलो. मंडळाची चार पोरं मधे पडली, दोन माझ्या कोपराने आडवी झाली. तेवढ्यात उकंडरावने चार ठोके देऊन गाणं सुरूच केलं. वेळ नव्हता. ती वायर मी विजयमाळेसारखी गळ्यात टाकली, बास सावरली आणि स्टेजवर उडी घेतली.

आणि काय सांगू! पहिल्या सुरापासून धरणी हलली. इतका खोल, इतका गोल आवाज माझ्या बोटांतून आजवर कधी निघाला नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. उकंडराव माझ्याकडे पाहून रडत होता, खरंच रडत होता, आणि वाजवत होता. गाणं जराही पडलं नाही. एकदा काजलकडे पाहिलं, तीही हसली. तिचा डावा हात दिसला नाही, मधे फुलांची परडी होती. बिचारीला वाजवायची संधीच मिळाली नाही.

खाली उतरलो तर भागवत कानाला रुमाल लावून आपट्याचं पान घेऊन उभा. म्हणाला, सोनं घ्या गुरुजी. मी त्याला मिठी मारली. भांडणं अशीच मिटावीत.

३ ऑक्टोबर, रात्री

दुपारी काजलने व्हिडिओ पाठवला. टीव्हीला जोडून प्रतिमासोबत पाहिला. बास ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. प्रतिमा पुढे सरकून पाहत होती. म्हणाली, अहो, थांबवा जरा. थांबवला. म्हणाली, ही वायर तुमच्या गळ्यात आहे ना. म्हणालो, हो, माळ. म्हणाली, दोन्ही टोकं लोंबताहेत.

पुन्हा पाहिला. मग आवाज बंद करून पाहिला. मग नुसता माझा चेहरा पाहिला. फार आनंदात आहे तो माणूस.

प्रतिमाने न विचारता चहा केला.

संध्याकाळी उकंडरावचा फोन आला. म्हणाला, मास्तर, पुढच्या साली बी तूच. लोक इचारून राह्यले, ते बासवाले गुरुजी कोण म्हणून. मी म्हणालो, तुला माहीत होतं? तो म्हणाला, काजलनं पहिल्या ठोक्याले इशारा केला होता. मग तू रडलास कशाला, असं विचारलं.  म्हणाला, तू आला म्हणून. अन् पुढच्या साली वायर घरीच ठेवजो, भागवतच्या पाठीले बरं पडते. येशीन ना?

मी म्हणालो, हाव.