दाराजवळची खुर्ची

ट्रॉय, मिशिगन
रविवार, २० जानेवारी २००८

प्रिय शरयूवहिनी,

सप्रेम नमस्कार. रेडमंडला पाऊस असेलच. इकडे बर्फ आहे, पण दरवर्षीइतकाच. राजीव मजेत. अनिका ड्रायव्हिंग शिकते आहे, म्हणजे आम्ही दोघं जीव मुठीत धरायला शिकतो आहोत.

काल घरी हळदीकुंकू केलं. नोव्हायहूनसुद्धा बायका आल्या. गुळाच्या पोळ्या थोड्या फुटल्या. खरं तर त्याबद्दलच लिहायचं आहे, पोळ्यांबद्दल नाही. आधी मंगळवारचं सांगते.

मंगळवारी इथे प्रायमरी होती, पक्षांचे उमेदवार ठरवायची निवडणूक. शेजारच्या मिसेस टॉलिव्हर आता गाडी चालवत नाहीत, म्हणून मीच त्यांना मतदानाला घेऊन गेले. दादा आणि तू आला होतात तेव्हा कुंपणापाशी तुझ्याशी टोमॅटोबद्दल बोलत बसायच्या, त्या. हॅट, हातमोजे, लिपस्टिक. मी म्हटलं, "काय हा थाट!" तर म्हणाल्या, "मतदानाला मी अशीच जाते. पहिल्यांदाही अशीच गेले होते."

पहिल्यांदा म्हणजे १९४६ साली, जॉर्जियात, गव्हर्नरच्या निवडणुकीला. काळ्या लोकांना प्रायमरीत मत देण्याची मुभा कोर्टाने तेव्हा नुकतीच दिली होती, आणि गव्हर्नर कोण हे तिथेच ठरायचं. या विशीतल्या. कारकून म्हणाला, "तुमच्या नावात जरा अडचण दिसते. बसा, बोलावतो." दाराजवळ खुर्ची दिली. दुपारभर गोरी माणसं येऊन मत देऊन गेली. शेवटी त्याने दार लावून घेतलं. "पुढच्या वेळी या."

"शिवी दिली असती तर भांडले असते मी," त्या म्हणाल्या. "त्यानं खुर्ची दिली. आणि मी त्याला थँक यू म्हटलं, हनी! त्याचीच चीड येते अजून."

माझे डोळे भरून आले. तशाच भरल्या डोळ्यांनी मी त्यांना शनिवारचं आमंत्रण दिलं. तेव्हा मला माझंच फार कौतुक वाटलं, हेही लिहून टाकते.

काल त्या तीच हॅट घालून आल्या. गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना दाराजवळ खुर्ची दिली. बाकीच्या खाली गालिच्यावर. मी कुंकू लावत लावत त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेवढ्यात मालिनीकाकूंनी माझं कोपर धरलं. "अगं, यांचे मिस्टर नाहीत ना? नुसता तिळगूळ दे बाई. त्यांना काय कळतंय!"

पन्नास उत्तरं होती माझ्याकडे. कॉलेजात या विषयावर भाषण करून बक्षीस घेतलेली मी. पण हातात तबक, सगळ्या बघताहेत, आणि मी मिसेस टॉलिव्हरना म्हणाले, "बसा हं, आलेच."

त्यांनी कपाळावर येणारी हॅट आधीच काढून मांडीवर ठेवली होती.

मी परत गेले नाही. सगळ्या उठेपर्यंत त्या बसून होत्या. मग हॅट घातली आणि मला थँक यू म्हणाल्या.

भांडी घासताना अनिका म्हणाली, "मॉम, यू स्किप्ड हर." मी म्हटलं, पाणी वाया घालवू नकोस.

आज सकाळी तबक घेऊन त्यांच्या दारात गेले. सगळं सांगितलं, कारणासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काल ते माझ्यासाठी होतं, हनी. आज तू ते तुझ्यासाठी आणलं आहेस." दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी, नोव्हेंबरात तू फोनवर म्हणाली होतीस, घर खायला उठतं, संक्रांतीला तुझ्याकडे येऊ का? मी म्हटलं होतं, बर्फ फार असतो, उन्हाळ्यात ये. तू म्हणालीस, "बरं झालं सांगितलंस, थँक्यू गं."

कारण बर्फ नव्हता गं. हळदीकुंकू होतं. दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते शोधत होते.

हे पत्रही मी माझ्यासाठीच लिहीत असेन. तसं वाटलं तर फाडून टाक. ये असं म्हणायचं तोंड मला नाही. येऊ नयेसं वाटलं, तर येऊ नकोस. फक्त ते बर्फामुळे नसू दे.

'तुझी' लिहायला धजत नाही म्हणून,
यशोधनची बहीण,
गिरिजा