खळ्यावरचं तिसरं कडवं

यवत, शुक्रवार, दिवेलागणीनंतर

उद्या फुटबॉल क्लबच्या नव्या मुख्यालयाचं उद्घाटन. जमीन मूळची आमची, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी शाळेतली कविता म्हणणार आहे. पण तिसरं कडवं काही केल्या आठवेना.

मुलगा सुनील म्हणाला, "आबा, कविता ऱ्हाऊ द्या. थँक्यू म्हना आन् बसा."

राहू द्यायची? का म्हणून?

संध्याकाळी तडक तिकडं गेलो. त्यांची सरावाची हिरवळ आहे, तिथंच आमचं खळं होतं. मळणीच्या बैलांमागं गोल फिरत मी कविता पाठ करायचो. म्हटलं, फिरलो तर आठवेल.

गेटवर पहारेकरी सलीम. त्याला खळ्याचं, बैलांचं सगळं सांगितलं. "आबा, न्हाई सोडता येत. हे गवत नव्या नवरीपेक्षा नाजूक हाय!"

हसलो, पण हललो नाही. सवयीनं चपला काढल्या. खळ्यात कुणी चपला घालून जातं का? तेवढ्यात त्यांचा गोव्याकडचा प्रशिक्षक आला. माझ्या अनवाणी पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आइए, बाबा."

गवत ओलं, गार. दुसऱ्या फेरीला कडवं आलं, अगदी बैलांच्या घुंगरांच्या ठेक्यासकट. सलीम ओरडला, "आबा, आता बैल तेवढे आनू नका!"

घरी येऊन खुर्चीत बसलो, आणि कडवं पुन्हा गेलं.

जाऊ दे. उद्या माइकपुढं उभाच राहणार नाही. चपला मंडपात काढीन आणि हिरवळीवर गोल फिरत सगळी कविता म्हणेन. थँक्यू सुनीलनं म्हणावं.