यांची बाटली

ती. दादास,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

हे गेल्यापासून यांच्या कपाटातल्या व्हिस्कीच्या बाटल्यांकडे बघवत नव्हतं. रविवारी यांचे मित्र आले. ही मंडळी दर महिन्याला आमच्याकडे जमून, बाटल्यांना कागद गुंडाळून, कोणती कुठली ते ओळखायची आणि मग तासभर भांडायची. मी म्हटलं, "सगळ्या घेऊन जा." त्यांच्यातले दातांचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आज तुम्हीही बसा."

मी कधी तोंड लावलं नाही, तुला ठाऊकच आहे. नुसता वास घेतला. पहिलीला मधाचा, दुसरीला वाळल्या गवताचा. तिसरीला धुराचा. मी म्हटलं, "ही यांची आवडती."

"कशावरून?"

"यांच्या मफलरला हाच वास यायचा."

त्या दिवशी कुणीच भांडलं नाही.

मफलर मी हे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी धुऊन टाकला होता रे.

ती बाटली तेवढी ठेवून घेतली. डॉक्टर म्हणाले, सारखी उघडली तर वास उडून जाईल. म्हणून एक दिवसाआड उघडते.

तिकडे निघून ये म्हणतोस. येईन, पण एवढ्यात नको.

मुलांना पापा.

तुझी,
धाकटी