गळ आणि दोन साप

विसरभोळ्या होबार्टला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद,

तुला एक बहीण आहे आणि ती डेट्रॉइटला नात ओपलकडे राहते, एवढी आठवण करून देण्यापुरतं हे पत्र. मी सांगतेय आणि ओपल लिहितेय, म्हणून अक्षर सुंदर आहे.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी मंगळवारी मतदानाला चालत गेले. तिकडे केंटकीत आपल्या पक्षाच्या कोंबड्याचं चित्र बघितलं की काम व्हायचं. इथे महापौराच्या निवडणुकीत पक्षच नसतो, मग कोंबडा कुठला? नुसती नावं. मतदान केंद्रावरची बाई म्हणाली, "आजी, वाचून दाखवू का?" म्हटलं, "राहू दे गं, घसा जप."

ओपलने शिकवलं होतं की आमच्या बाजूच्या जेसपच्या इंग्रजी नावात पहिलं अक्षर माशाच्या गळासारखं असतं. बघते तर त्याच्या विरोधातला जार्विसही गळानेच सुरू! तो निवडून आला तर नवा रस्ता आमच्या घरावरून जाणार होता. हात मागे घेतला. मग सापासारखी वळलेली अक्षरं शोधली. जार्विसला एकच, तोही शेपटाला. जेसपला मधोमध दोन. मतयंत्रावर दोन सापवाल्याच्या नावाचा खटका ओढला.

जेसप निवडून आला. रस्ता होणार नाही म्हणतो. ओपल घरभर नाचली. मी मात्र खोक्यात भरलेली भांडी इतक्यात बाहेर काढत नाही.

तुझा खोकला कसा आहे? तुझी बायको मेबल अजून माझ्यावर फुगलीय का?

पत्ता तोच आहे. सफरचंदाचा मुरंबा पाठव आणि झाकण घट्ट लाव. बरणीवर माझं नाव मोठं लिही: गळ, वाटोळं, मग एकच साप. वाचीन मी.

तुझी जोसी