लांबच्या नावा

रामघाट, वाराणसी

चि. रुचीस,

काल फोनवर तू विचारलंस, "ताई, कस्तुरी सुखी आहे का गं? माझ्या होणाऱ्या बाळालाही काचबिंदू निघाला तर?" मी "मजेत आहे" म्हणून विषय बदलला.

माझी कस्तुरी जन्मली तेव्हा तिच्या टपोऱ्या डोळ्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. तो आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणाला ठाऊक होतं? ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. तरी लांबचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, डोळ्यांत रोज थेंब घालावे लागतात.

आज घाटावर एका मुलीने तिला विचारलं, "तेरी आँखें ऐसी क्यों हैं?" मी पुढे होणार, तोच कस्तुरी म्हणाली, "ऑपरेशन हुआ था. नावें गिनोगी?"

दोघी पायरीवर बसून नावा मोजू लागल्या. लांबच्या नावा कस्तुरीला दिसेनात. ती हरली आणि हसत ओरडली, "फिर से!" माझेच डोळे भरले.

हे वाचून तुला धीर येईल की धसका बसेल, मला कळत नाही, म्हणून पाठवत नाही. उद्या फोनवर एवढंच म्हणेन, "बाळंतपणाआधी चार दिवस राहायला ये. कस्तुरीलाच विचार."

तुझी,
मधुराताई