रिकामी टाचणी

लखनऊ छावनी,
१० मार्च १९९७

प्रिय निनाद,

सप्रेम सलाम. पप्पांच्या दफनाहून तू परत गेलास तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते, पण हात उचलत नाही. ईस्टरनंतर पाळकगृह रिकामं करून द्यायचं आहे. नवे पाळकसाहेब भले आहेत, सावकाश होऊ द्या म्हणाले. मी लेकीकडे, अनघाकडे सरोजिनी नगरला जाईन. तिची मुलं माझ्याशी हिंदीतच बोलतात. तेही चालेल.

पप्पांची पत्रं एका धर्मशास्त्र कॉलेजच्या ग्रंथालयाला हवी आहेत. तिथला नरेंद्र आठवडाभर येतोय. दलित ख्रिस्ती लोकांनाही हिंदू दलितांसारख्या राखीव जागा, सवलती मिळाव्यात म्हणून पप्पा मंत्र्यांना, खासदारांना, बिशपांना लिहायचे, ती सगळी. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवायचे आणि तिला आधीच टाचणी लावायचे. उत्तर आलं की त्याच टाचणीत मागे अडकवायचं. तू चेष्टा करायचास, "पप्पा, तुमच्या चळवळीत टाचणीवाल्याचाच फायदा." तेही हसायचे. म्हणायचे, "अरे, उत्तर आलं तर त्याला जागा नको?"

नरेंद्र त्या टाचण्या काढतोय. "माताजी, ज़ंग लग रहा है, काग़ज़ गल जाएगा," म्हणतो. खरंच आहे, गंजाने कागद कुजतो. बशी भरून टाचण्या निघाल्या. बहुतेकींच्या मागे काहीच नव्हतं. धरण्याला बसून त्यांचे पाय सुजायचे, मी मिठाचं गरम पाणी द्यायचे, आणि पाय पाण्यात ठेवून ते पुढच्या पत्राचा मजकूर जुळवत असायचे. आता त्या सगळ्याचा थकवा मलाच येतो.

काल त्यात एक मराठी पत्र निघालं, तीही कार्बन प्रतच, टाचणी मागे रिकामी. नरेंद्रला मराठी कळत नाही, म्हणून त्याने माझ्या हातात दिलं. "प्रिय निनाद" एवढं वाचून मी घडी घातली. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा पप्पांचाच नियम. तारीख मात्र पाहिली. बँकेच्या अर्जात धर्म हिंदू लिहून तू राखीव जागा घेतलीस आणि भांडून नागपूरला गेलास, त्याच आठवड्यातली. त्यानंतर त्यांनी तुझं नाव फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत घेतलं. रोज घेतलं. पण तुला लिहिलं होतं, हे मला बोलले नाहीत. तूही नाहीस. कबरीत मूठभर माती न टाकता तू कडेला उभा राहिलास, तेव्हाही मी काही विचारलं नाही.

पत्रात त्या अर्जाबद्दल असणारच. ते ग्रंथालयात गेलं तर कोणीही वाचेल आणि तुझी नोकरी जाईल, एवढं मला कळतं. पोटासाठी किती घरांत असंच लिहावं लागतं, हे पप्पांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते धरण्याला बसायचे. नरेंद्रला सांगितलं, हे घरचं आहे. "जैसा आप कहें," म्हणाला.

म्हणून ते या लिफाफ्यात पाठवते आहे. मूळ पत्राचं तू काय केलंस, हे विचारणार नाही. ही प्रतही हवी तर जाळ. टाचणी मात्र मी काढू दिली नाही. कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या, तर मला पाठवू नकोस. तिथेच मागे अडकव.

तुझीच,
आई